पंचवीस ठोके

निखाऱ्यात भाजायच्या रोडग्यांची कणीक मळताना पार्वताबाई गप्प होत्या, आणि त्यामुळे नाल्याकाठच्या मारुतीसमोर जमलेल्या सगळ्या बायका अस्वस्थ होत्या. एरवी शेतात स्वयंपाक निघाला की पार्वताबाईंचा आवाज हिवरखेडच्या बसस्टँडवर ऐकू येतो, असं त्यांचा धाकटा लेक बंडू म्हणायचा. आज बंडूच्या बायकोनं, नीलमनं, कणकेत मीठ पडलं का विचारलं तर "पडलं" एवढ्यावर भागलं. मिठाच्या निमित्तानं नीलमच्या माहेराचा उद्धार झाला नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलं होतं.

बिनसलं काही नव्हतं. पार्वताबाई मनातल्या मनात दोन वाक्यं पाठ करत होत्या.

पहिलं वाक्य साऱ्या घराला माहीत होतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी टीव्हीवर बातमी आली होती की खाणीतली माती भरलेलं एक मालवाहू जहाज भर समुद्रात उलटलं आणि त्यावर काही भारतीय होते. थोरला लेक श्याम त्याच समुद्रात, तसलीच माती भरायला गेलेल्या जहाजावर चीफ ऑफिसर होता. बातमीत जहाजाचं नाव काही धड सांगत नव्हते. बंडूनं श्यामला फोन लावला, लागला नाही. अकोल्याहून श्यामच्या बायकोनं, सीमानं, कंपनीत लावला, तो नुसताच वाजत राहिला. दिवस मावळायच्या आत पार्वताबाई अनवाणी चालत या मारुतीपाशी आल्या आणि म्हणाल्या, पोरगा सुखरूप घरी आला तर तुझ्यापुढे पाच पायल्यांचे रोडगे करीन. दुसऱ्या दिवशी दुपारी श्यामचाच फोन आला. "माय, ते आमचं जहाज नव्हतं. आमाले काई झालं नाही."

दुसरं वाक्य मात्र कालपर्यंत त्या मारुतीखेरीज कोणाजवळ बोलल्या नव्हत्या. "तो घरी आला की त्याले मी परत पान्यावर जाऊ देनार नाही, देवा."

श्याम महिनाअखेरीस आला. तीन महिने त्यानं गव्हाला पाणी दिलं, हरभरा सोंगला, बंडूची बंद पडलेली मोटर उघडून पुन्हा जोडली. राहतो आहे आपोआप, तर कशाला बोला, असं पार्वताबाईंना वाटत होतं. मग शनिवारी कंपनीचं बोलावणं आलं. तेच जहाज, तोच कॅप्टन, आणि गुरुवारी रात्री अकोल्याहून मुंबईची गाडी. आज मंगळवार होता.

आता त्या घराचा एक रिवाज होता. पंगत बसली की नवस बोलणाऱ्यानं पहिला रोडगा हातात घेऊन मारुतीसमोर उभं राहायचं आणि आपण काय मागितलं, त्याबदल्यात काय कबूल केलं, ते सगळ्यांदेखत सांगायचं. मग वडीलधाऱ्यानं विचारायचं, "बोलल्यापरमानं झालं काय?" त्यावर "झालं" म्हटलं की वाढप सुरू. पंगतीत सांगितलेली गोष्ट मग घरात कोणी मोडत नसे. पार्वताबाईंच्या सासऱ्यांनी आजारी बैल उठून उभा राहिला म्हणून चहा सोडल्याचं असंच पंगतीत सांगितलं, आणि पुढची एकतीस वर्षं ते रोज सकाळी दुसऱ्याच्या कपाशेजारी नाक नेऊन बसत. कप मात्र कधी उचलला नाही.

म्हणून आज पार्वताबाई दोन्ही वाक्यं सांगणार होत्या. सांगितली की श्याम गुरुवारी जात नव्हता. पोरगा रागावेल, महिनाभर बोलणार नाही, पण समोर बसून बोलणार नाही. हे त्यांना परवडत होतं.

हे गुपित कालपासून आणखी एकाला ठाऊक होतं. ते म्हणजे त्यांचे थोरले भाऊ खुशालराव, शेंदूरजनाघाटचे संत्रावाले. आजच्या पंगतीत वडीलधारे तेच, म्हणजे प्रश्न विचारणारेही तेच. ते जीपमधून संत्र्यांचे चार कॅरेट उतरवत आले आणि आल्या आल्या त्यांनी बहिणीला बाजूला घेतलं.

"पोट्टं कोठी हाय?"

"नाल्यावर गेला, पानी आनाले."

"पाय म्हना! इथं आला तं इथं बी पान्यातच." खुशालरावांनी आवाज खाली आणला. "पार्वते, तू बिनघोर बोल. एकदा पंगतीत बोलली की मी हाय. पॅकिंगचं काम त्याच्या हवाली करतो. समुद्रात बावीस मानसं सांभाळते, मंग माह्ये चाळीस सांभाळनार नाही काय?"

श्याम पाण्याच्या दोन घागरी घेऊन वर आला. चाळिशीतला, रापलेला, बोलायला हळू. मामांनी लगेच संत्र्यांचा विषय काढला. पॅकिंग, गाड्या, बांगलादेशचा माल, नवीन मशीन. श्यामनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं.

"मामा, तुमी होते म्हनून मी शिकलो. बाबा गेल्यावर माह्यी फी तुमी भरली. तुमाले नाही म्हनताना मले लाज वाटते."

"मंग म्हनू नको ना!"

"राह्य ना भाऊ," बंडू गोवऱ्या रचता रचता म्हणाला. "मले बी बरं होईन. सालभर या वावरात मी एकटाच स्वतःशी बोलून राहतो. लोक वेडा म्हन्तीन एक दिवस."

सगळे हसले. पार्वताबाईंनी हिशेब केला की भाऊ आपल्या बाजूचा, बंडू आपल्या बाजूचा, नीलम बंडू म्हणेल तिकडे. राहिली सीमा. सीमा अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरात कमी बोलायची. ती वांग्यांना चिरा देत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

एवढ्यात बांधावर एक रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून आधी वकार उतरला, मग मिठाईचा डबा, मग त्याची आई शहाजादी. वकार श्यामच्याच जहाजावर फिटर होता. अकोल्यात बैदपुऱ्यात त्यांचं लेथचं दुकान. बंडूच्या पंपाचा शाफ्ट करून घ्यायला गेलेल्या श्यामनं या पोराचा हात पाहिला आणि त्याच्या मागे लागून त्याला जहाजावर नेलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती. शहाजादी या घरी पहिल्यांदाच येत होती.

ती थेट पार्वताबाईंपाशी आली. कणकेनं माखलेले त्यांचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले आणि डोळ्यांना लावले.

"अव बाई, कनीक लागून राहिली ना!"

"लागू द्या. अल्लाचं शुक्र केलं मी, तुमच्या श्यामचं केलं, कॅप्टनसाहेबाले बी फोनवर म्हनलं. तुमीच तेवढ्या बाकी होत्या."

"म्या काय केलं?"

शहाजादीनं वळून लेकाकडे पाहिलं, मग श्यामकडे. "तू यांले सांगतलं नाही?"

श्याम घागरीवरचं फडकं नीट करायला लागला. घरी त्यानं एवढंच सांगितलं होतं की आम्ही तो माल घेतला नाही, दुसऱ्या जहाजानं घेतला. जहाजावरचं घरी सांगायचं नाही, ही त्याची जुनी खोड. पार्वताबाईंना ती आधी कधी टोचली नव्हती, आज टोचली.

"सांग ना रे, वकार," त्या म्हणाल्या. "हा तं मेला तोंड शिवून येते घरी."

वकारनं चपला काढल्या आणि बसला. सांगायला त्याला आवडत होतं, हे उघडच होतं.

"बेट होतं ते, काकू. डोंगर खोदून लाल माती काढतात, तिच्यातून निकेल निघते. स्टीलमध्ये टाकतात ना, ते. किनाऱ्यावर उघड्यावर मोठे मोठे ढीग. आठ दिवस नुसता पाऊस झाला होता. मंग दोन दिवस ऊन पडलं. वरून माती अशी कोरडी, धूळ उडून राहिली होती. मालासोबत कागद आला. लॅबचा शिक्का, ओल किती ते लिहिलेलं, सगळं कायद्यात. माती घेऊन पह्यली बार्ज, म्हनजे सपाट होडी, जहाजाले लागली. क्रेननं उचलून जहाजाच्या पोटात, होल्डमध्ये टाकनं चालू झालं. आन श्यामभाऊ शिडीनं खाली बार्जवर उतरले. एक मूठ माती घेतली. दाबली. सोडली. परत घेतली, परत दाबली. तिथला एजंट हसाले लागला, म्हने तुमचा ऑफिसर मिट्टी से खेल रहा है. यायनं वर पाहून मले आवाज देल्ला, वकार, एक डबा आन! मी किचनमधून दूध पावडरचा रिकामा डबा आनला."

"आन मंग?"

"मंग पंचवीस ठोके."

खुशालरावांना हे काही पटलं नाही. ऐकीव गोष्टीला ते कधीच लवकर बधायचे नाहीत. "थांब थांब. कोरडी माती. तिचं पानी कसं होईन? आमी काय मातीत नाही काम करत? सत्तर सालापासून करून राहिलो."

"दाखवतो ना मामा," श्याम म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "आपल्या काळ्या मातीनं नाही होत, ती चिकट हाय. बंडू, नाल्याच्या कडेचा तो बारीक गाळ आन. ओलसर पायजे, पन पानी दिसलं नाही पायजे."

बंडूनं गाळ आणला. नीलमनं चहापत्तीचा रिकामा डबा दिला. श्यामनं डबा अर्धा भरला आणि मामांच्या समोर धरला. मामांनी बोट लावून पाहिलं, वरून कोरडंच होतं. मग श्यामनं मारुतीच्या ओट्याजवळच्या दगडावर डबा वीतभर उंचीवरून आपटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दर ठोक्याला मधे थोडा थांबत होता. बायका कणीक सोडून उभ्या राहिल्या. बारा, तेरा. अठराव्या ठोक्याला गाळ चमकायला लागला. बाविसाव्याला वर पाणी आलं. पंचवीस झाले तेव्हा श्यामनं डबा कलता केला, आणि मघाचा घट्ट गाळ ताकासारखा एका कडेला वाहत गेला.

"आता सरळ करतो, पाहा." त्यानं डबा सरळ केला. गाळ कडेलाच राहिला. थोडासा परत आला, बाकीचा तिथेच बसला.

"हे असं होते, मामा. मातीच्या कनाकनाच्या मधात पानी लपून राहते. कन एकमेकाले टेकून असतात तोवर ढीग घट्ट. जहाजाचं इंजिन रात्रंदिवस धडधडते, लाटा हलवतात. हादऱ्यानं कन जवळ येतात, पानी दाबल्या जाते आन त्याले जागा नाही राहत. मंग कन पान्यावर तरंगतात, आन पन्नास हजार टन माती एकदम पातळ होते. जहाज लाटेनं डाव्या अंगाले कललं की माल डावीकडे जाते. जहाज सरळ व्हाले पाहते, पन माल परत येत नाही. दुसऱ्या लाटेले आनखी कलते."

"पन जहाजाच्या पोटावर ती रेघ असते ना? तूच फोटो दाखवला होता. रेघीच्या वर पानी आलं नाही म्हनजे सगळं बरोबर."

"ती रेघ वजनासाठी. दीडशे वर्षांआधी विलायतेत मालक लोक हावरटासारखा माल भरत, जहाजं बुडत, खलाशी मरत. तवा भांडून भांडून कायदा झाला अन ती रेघ आली. लाखो मानसं वाचली असतीन तिच्यानं. पन आतल्या मालाच्या पोटात काय हाय, ते रेघीले कसं समजनार?" श्याम थांबला. "त्या दुसऱ्या जहाजाची रेघ बी बरोबरच होती."

त्या जहाजावर बावीसच माणसं होती. चारच जिवंत सापडली. गोवऱ्यांचा धूर वळून सगळ्यांच्या डोळ्यांत गेला, त्यामुळे कोण कशानं डोळे पुसतंय ते कोणाला कळलं नाही.

पार्वताबाईंच्या मनात मात्र भलताच प्रश्न अडकून बसला होता. "डबा तं नंतर आनला. पह्यले तू मूठ कावून घेतली? कागद तं बरोबर होता."

श्याम आईसमोर येऊन बसला.

"तुनंच सांगतलं होतं. बाबा गेले त्या साली. मी तेरा वर्षांचा होतो. पाऊस उघडला आन मी वखर काढाले निघालो. मले वाटे, माती वाळली, चला. तू बांधावर अडवलं मले. म्हनली, वरून वाळली म्हनून वाफसा आला असं नाही. हात घाल आत. मूठ दाब आन सोड. फुटली तं जा वावरात, नाही फुटली तं घरी जाऊन झोप."

"मले नाही आठवत."

"मले आठवते. बार्जवर वरून धूळ उडून राहिली होती. मी कोपरापर्यंत हात घातला, दाबली, सोडली." त्यानं मोकळा तळहात पुढे केला. "तिथं मूठ फुटली नाही, माय. गोळ्याचा गोळा राह्यला. मंग डबा मागवला. पुस्तकात हाय ते डब्याचं, पन तुह्यी मूठ नसती तं मी पुस्तक उघडलंच नसतं."

"मंग तीन दिवस भांडन," वकारनं पुढे नेलं. "एजंट ओरडे, फोनवर फोन. कॅप्टनसाहेबानं यायले विचारलं, पक्कं? हे म्हनले, पक्कं. तवा साहेबानं सही केली नाही. टाकलेला माल परत उचलला, होल्ड धुतले, आन आमी रिकामे निघालो. आमच्या जागेवर ते दुसरं जहाज येऊन लागलं. आमी त्यायले रेडिओवर सांगतलं. मी तिथंच उभा होतो. श्यामभाऊनं दोनदा सांगतलं."

शहाजादीनं पदर डोक्यावर नीट केला. "आता समजलं, कोनाचं शुक्र कराले आली मी? तुमच्या वावरातली गोष्ट तिकडे गेली नसती, तं हा माह्यापुढे बसला नसता."

पार्वताबाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. चाळीस वर्षं त्यांनी या मातीत हात घातले. कोणी त्याबद्दल बरं म्हटलं नव्हतं, कोणी म्हणावं असं त्यांना वाटलंही नव्हतं. एका परक्या घरची बाई अकोल्याहून रिक्षा करून तेवढ्याचसाठी आली होती. बावीस घरांमध्ये आज चूल पेटली असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना इतकं बरं वाटलं की शेजारी उभ्या नीलमला त्यांनी कारण नसताना जवळ घेतलं. नीलम घाबरलीच.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आता वकार राहीन ना घरी?"

"नाही ना. गुरुवारीच निघते हा बी, श्यामच्या संगं." शहाजादी सहज म्हणाली. "खरं सांगू? मी तं नाहीच म्हनत होती. रोज रोज रडली. मंग हा म्हने, अम्मी, श्यामभाऊ येऊन राहिले. म्हनलं, मंग जा. ते नसतीन तं माह्या पोराले मी बैदपुऱ्याच्या बाहेर सोडत नाही."

पार्वताबाईंचे पुन्हा कणकेत गेलेले हात तिथेच थांबले.

रोडगे निखाऱ्यात गेले. बंडू आणि वकार काठ्यांनी ते उलटवायला लागले, आणि बंडू विचारत होता की इंजिन बंद पडलं तर भर समुद्रात काय करता. वकार सांगत होता, आणि बंडूच्या तोंडून दर वाक्याला "बाप रे" निघत होतं. थोड्या वेळानं तो उठून आईपाशी आला. "माय, भाऊले जाऊ दे वाटते मले. असं काम येनारं मानूस घरी बसवून काय गहू ओलवाचा? मी बोलत जाईन ना स्वतःशी." पार्वताबाईंनी त्याला हाकलून दिलं. आपल्या बाजूचा एक गेला, हे त्यांच्या ध्यानात आलं.

सीमा वांग्याच्या पातेल्यापाशी एकटी होती. पार्वताबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"तुले काय वाटते व? तू तं काईच बोलत नाही."

सीमानं पळी खाली ठेवली. "मले भीती वाटते, आई. बारा वर्षं झाली, दरवेळी वाटते. गाडी सुटली की मी फलाटावरच बसून राहते."

"मंग अडव ना!"

"हे तीन महिने घरी आहेत ना, तर रोज सकाळी उठले की आधी मोबाईलवर तिकडचं हवामान पाहतात. त्या समुद्रातलं. मग विचारते तर सांगतात, आता अमुक जहाज तिथं माल भरून राहिलं असन, कोनी मूठ पाहिली असन काय. बुडालेल्या त्या अठरा जणांत एक यांच्यासोबत शिकलेला होता. हे तुमाले सांगतलं नाही त्यांनी." सीमानं पळी पुन्हा उचलली. "घरी राहिले तरी हे घरी नाहीत, आई. तिकडे गेले की निदान झोपतात तरी."

पार्वताबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. बारा वर्षांत त्यांनी हे तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं केव्हाच सांगितलं असतं, हेही त्यांना आता कळलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि सून अशी मिळाली म्हणून देवाचे आभारही मानावेसे वाटले. दोन्ही एकदमच वाटलं.

पंगत बसली. पानांवर मीठ आणि लिंबू वाढून झालं, वरणाच्या बादल्या भरून तयार, तुपाचं पातेलं मामांच्या ताब्यात. श्याम आणि वकार शेजारी शेजारी बसले. रोडग्यांचा वास अख्ख्या शिवारात पसरला होता, आणि गावातली म्हातारी माणसं अधूनमधून मोठ्यानं खाकरून आपण भुकेले असल्याचं कळवत होती.

पार्वताबाईंनी पहिला रोडगा फोडला, त्यावर तूप घेतलं आणि त्या मारुतीसमोर उभ्या राहिल्या. मामांनी त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलवली. बोल, मी आहे.

"मारुतीराया," त्या म्हणाल्या. आवाज हिवरखेडच्या बसस्टँडवर नाही, पण पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत पोचला. "माह्या श्यामले सुखरूप आन म्हनून मी तुले मागतलं. तू आनलं. एकाले मागतलं, तू बावीस आनले. तुह्ये उपकार मले फेडता येनार नाही. मी पाच पायल्यांचे रोडगे बोलली होती. ते केले." त्या थांबल्या. "आन आनखी एक बोलली होती. हा घरी आला की त्याले परत पान्यावर जाऊ देनार नाही, असं बोलली होती."

सीमानं पळी हातात तशीच धरून ठेवली. श्यामनं आईकडे पाहिलं. आजोबांच्या चहाची गोष्ट ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. त्यानं समोरचं पान दोन बोटं मागे सरकवलं आणि मान खाली घातली. त्याच्या शेजारी वकार काही न समजून एकदा त्याच्याकडे, एकदा आपल्या आईकडे बघत होता. शहाजादीला मात्र समजलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

खुशालरावांनी वेळ न घालवता घसा साफ केला. "बोलल्यापरमानं झालं काय?"

आता फक्त "झालं" म्हणायचं होतं.

पार्वताबाईंनी रोडग्याकडे पाहिलं, मग मारुतीकडे.

"नाही झालं," त्या म्हणाल्या.

"पार्वते?"

"नाही झालं, दादा. आन होनार बी नाही. कनीक माह्यी होती, तूप माह्यं होतं, ते देल्लं. हे दुसरं माह्यं नव्हतंच. या बाईचं पोरगं माह्या पोराच्या भरवशावर जाऊन राहिलं. आनखी वीस मायबाप कोठी कोठी बसून असतीन, मले त्यायचे नावं बी माहीत नाही. त्यायचं हाय ते. दुसऱ्याचं उचलून मी देवाले कशी देऊ?"

"घरात बोललेलं मोडत नाही," खुशालराव म्हणाले. रागानं नव्हे, भीतीनं. "आजवर कोनी मोडलं नाही."

"मी मोडून राहिली. काय व्हाचं ते मले होईन. मारुतीले मी सांगून ठेवते, याचं काई पोरांवर लावू नको, माह्यावर लाव." त्यांनी तुपाळ हातानंच डोळे पुसले. "विचारा परत, दादा. मी खोटं नाही बोलनार."

खुशालराव उभे होते. आयुष्यभर संत्र्यांचे सौदे तोडणारा माणूस, पण असा सौदा त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. त्यांनी पंगतीकडे पाहिलं, मान खाली घातलेल्या भाच्याकडे पाहिलं, मग आपल्या धाकट्या बहिणीकडे पाहिलं. आणि नेहमीच्याच आवाजात, रिवाज होता तसा, पुन्हा विचारलं.

"बोलल्यापरमानं झालं काय?"

"अर्धं झालं," पार्वताबाई म्हणाल्या. "अर्ध्यावरच वाढा. पोरायले गुरुवारी गाडी हाय."